झोपला म्हणतो, पण झोपत नाही

लॅपटॉपचं झाकण लावलं की त्याने झोपावं. एवढीच अपेक्षा आहे हो माझी. पण नाही. रात्री ८० टक्के बॅटरी असताना झाकण लावायचं आणि सकाळी उघडलं की ३५ टक्के, वर खालून बूड गरम. आणि लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग काढून बघा, तिथे सगळं आलबेल! ‘सस्पेंड एंट्री, एस२आयडल’ (झोपेचा हा नवा प्रकार), मग सकाळचं ‘सस्पेंड एक्झिट’. मधल्या सात तासांत काय दिवे लावले, त्याबद्दल एक अक्षर नाही.

झोपेचा जुना प्रकार, एस३, बरा होता. रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडायचा, विषय संपला. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये तो देतच नाहीत. माझ्यात झोपेचे प्रकार सांगणारी मेम-स्लीप फाईल उघडली तर आत फक्त एस२आयडल, ‘डीप’चा, म्हणजे एस३चा, पत्ता नाही. एस२आयडलमध्ये मशीन बंद होत नाही, नुसतं रिकामं बसतं. प्रोसेसर, चिपसेट, डिस्क, यूएसबी, सगळ्यांनी आपापलं गाढ झोपायचं आणि मगच वीज वाचायची. एक जण जरी जागा राहिला तर सगळं मुसळ केरात. बरं, मग कोण जागा राहतोय ते शोधू म्हटलं. कोण किती वेळ झोपलं ते मोजणारे काउंटर असतात ना त्यासाठी!

असतात की. ढिगाने असतात. म्हणून तर डोकं फिरलंय.

पहिला ढीग सीपीयूआयडलचा, म्हणजे कर्नलच्या प्रोसेसर झोपवणाऱ्या भागाचा. प्रत्येक कोअरचा फोल्डर, त्यात प्रत्येक स्टेटचा, म्हणजे झोपेच्या पायरीचा (सी१ उथळ, सी१० गाढ), फोल्डर, त्यात ‘टाइम’ आणि ‘यूसेज’ अशा फाइली. टाइम मायक्रोसेकंदात. आकडे इतके झकास की वाटावं, पोरगं अगदी गुणी आहे, दिवसभर सी१०मध्येच असतं. पण हा हिशोब कर्नलचा स्वतःचा. कर्नलने सी१० मागितला आणि परत उठेपर्यंत किती वेळ गेला, तेवढंच त्यात लिहिलंय. हार्डवेअरने खरंच सी१० दिला, की ‘बघू नंतर’ म्हणत सी१वरच भागवलं, हे त्या फाइलीला माहीत नसतं. आणि लोक तेच आकडे चिकटवून सांगतात, ‘तुझं सगळं ठीक दिसतंय’. काय ठीक? बॅटरी कुठे गेली मग?

हार्डवेअरने खरंच काय केलं ते बघायचं तर एमएसआर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली रजिस्टरं, वाचा. म्हणजे आधी रूट, मशीनचे सर्वाधिकारी, व्हा. मग पत्ते शोधा. इंटेलमध्ये पॅकेजचे, म्हणजे अख्ख्या चिपचे, सी३, सी६, सी७ हेक्समधल्या ३एफ८, ३एफ९, ३एफए वर. सी८, सी९, सी१० तिसरीकडेच, ६३०, ६३१, ६३२ वर. आणि सी२? तो ६०डी वर जाऊन बसलाय. आकडा मायक्रोसेकंदात नाही, टीएससी या प्रोसेसरच्या घड्याळाच्या टिकटिकीत, म्हणजे भागाकार आपणच करा. वर दुसऱ्या कोअरचा एमएसआर वाचायचा तर कर्नल त्या कोअरला इंटरप्ट पाठवून जागं करतो आणि वाचायला लावतो. ‘झोपलास का रे?’ हे विचारायला माणसाला गदागदा हलवायचं, तसं.

टर्बोस्टॅट वापर, ते टूल हे सगळं वाचून टेबलात मांडतं, असं सांगणारे भेटतातच. वापरला. त्यात एक कॉलम आहे ‘सी६ टक्के’ आणि दुसरा आहे ‘सीपीयू टक्के सी६’. पहिला म्हणजे लिनक्सने किती मागितला, दुसरा म्हणजे हार्डवेअरने किती दिला. ही नावं ज्याने ठेवली त्याला एकदा रात्री दोन वाजता, डोळे तारवटलेले असताना, ते टेबल वाचायला बसवा.

शेवटी कामाच्या निघाल्या दोनच फाइली. लो-पॉवर-आयडलच्या, म्हणजे गाढ झोपेत गेलेल्या वेळाच्या, एक सीपीयूची, एक सिस्टिमची. झाकण लावण्याआधी कॅट (फाइल वाचायची कमांड) मारला, उघडल्यावर परत मारला. सीपीयूचा आकडा भरभक्कम वाढलेला. सिस्टिमचा? शून्य. आधी शून्य, नंतर शून्य. म्हणजे प्रोसेसर बिचारा रात्रभर झोपला होता, बाकीच्या प्लॅटफॉर्ममधलं कुणीतरी टक्क जागं होतं. हार्डवेअर मागच्या वेळी किती झोपलं ते सांगणाऱ्या, सस्पेंड-स्टॅट्समधल्या लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप फाइलीतही शून्यच. चला, निदान दोघांचं एकमत आहे.

पण कोण जागं होतं?! डीबग-एफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या तपासणीच्या फाइलींत, एक यादी मिळते, चिपसेटच्या कुठल्या भागाची वीज चालू आणि कुठल्या भागाची बंद. छान. पण ती वाचणार कधी? मशीन जागं असताना! मग त्यात बरंच काही चालूच दिसणार ना, राजे हो. दुसरी फाइल एलटीआरची, म्हणजे कोणता भाग किती उशीर सहन करू शकतो त्याची. त्यात नावं बघा: ‘साउथपोर्ट ए’, ‘साउथपोर्ट बी’. साउथपोर्ट ए ला काय जोडलंय? एसएसडी? वायफाय? कार्ड रीडर? लिहिलेलं नाही. एका ओळीचं नाव तर चक्क ‘रिझर्व्ड’. एखाद्या भागाचं ऐकू नकोस असं सांगायची सोय आहे, एलटीआर-इग्नोर फाइलीत त्याचा नंबर लिहायचा. पण सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये, म्हणजे असल्या बदलांना बंदी, त्यामुळे रूट असूनही ‘परवानगी नाही’. माझ्याच मशीनवर!

विंडोजवाल्यांना पॉवरसीएफजीची एक कमांड मारली की स्लीपस्टडीचा रिपोर्ट येतो. कुठल्या झोपेत कुणी किती वेळ जागं ठेवलं, नावानिशी, रंगीत. विंडोजचं कौतुक करायची वेळ आली माझ्यावर.

आणि ज्या कंपनीचा लॅपटॉप आहे तिच्या सपोर्टला फोन केला तर म्हणे, ‘सर, बायोस अपडेट करून बघा.’ केला. शून्य. ‘सर, लिनक्स आम्ही सपोर्ट करत नाही.’ मग आधी बायोस कशाला करायला लावलास रे बाबा?

मला रंगीत रिपोर्ट नकोच आहे. उठल्यावर लॉगमध्ये एक ओळ टाका: अमुक डिव्हाइसमुळे सिस्टिम झोपली नाही. शून्य कुणामुळे आलं तेवढं सांगा, बाकी मी बघतो. तोवर रात्री सरळ शटडाउन. सकाळी सगळे टॅब आणि टर्मिनल पहिल्यापासून उघडत बसतो, शिव्या देत.