सहा दिवसांत पाच सामने, आणि पिंपातले पाणी

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील (अंडाकृती चेंडू हातात धरून धावण्याच्या त्यांच्या फुटबॉलमधील) 1899 चा सुवानी संघाचा हंगाम वाचताना मला खेळाडूंइतकेच, किंबहुना कांकणभर अधिक, कौतुक वाटते ते त्या संघाच्या व्यवस्थापकाचे. टेनेसी राज्यातील डोंगरपठारावरच्या 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ' या लहानशा चर्चसंलग्न विद्यापीठाच्या या संघाने त्या वर्षी बाराच्या बारा सामने जिंकले आणि 322 गुण मिळवून अवघे 10 गुण दिले.

दंतकथा झाली आहे ती नोव्हेंबरमधल्या दौऱ्याची. 9 तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सास 12-0, 10 ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम 10-0, 11 ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन 23-0, रविवारी विश्रांती, 13 ला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेट 34-0 आणि 14 ला मेंफिसमध्ये मिसिसिपी 12-0. एकदा मैदानाबाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे, चढाई आणि बचाव त्याच अकरा जणांनी करायचा, आणि पुढे चेंडू फेकण्याची मुभा तर 1906 पर्यंत नव्हतीच. म्हणजे सारा खेळ अंगावर अंग आदळण्याचा.

हा दौरा शौर्याच्या हौसेतून नव्हे, तर पैशाच्या चणचणीतून निघाला. तिकिटांच्या उत्पन्नावरून व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी बिनसले, हंगामातला कमाईचा सामना गेला, तेव्हा ल्यूक ली या विशीतल्या विद्यार्थी व्यवस्थापकाने दूरदूरचे सामने एका रेल्वेप्रवासात ओवले. खेळाडूंचे बूट मागे राहिले, तर तार करून ते मागच्या गाडीने मागवले. परगावचे पाणी बाधू नये म्हणून गावच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून सोबत घेतले. महाविद्यालयाचा संघ परगावी नेण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. सामना हरण्यापेक्षा कोणाचे पोट बिघडेल याचीच धास्ती अधिक असते, त्यामुळे ती पिंपे मला पाचही विजयांहून जवळची वाटतात.

मात्र या सहा दिवसांच्या झगमगाटात हंगामाची खरी कसोटी झाकली जाते, अशी माझी तक्रार आहे. 30 नोव्हेंबरला माँटगोमेरीत प्रशिक्षक जॉन हाइझमन यांच्या ऑबर्न संघाने सुवानीविरुद्ध 10 गुण केले. वर्षभरात सुवानीने दिलेले सारे गुण याच एका सामन्यातले. सुवानीने तो 11-10 असा जेमतेम जिंकला आणि दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाला 5-0 असे हरवले. दमलेल्या संघाचे हे दोन निसटते विजय मला त्या 34-0 पेक्षा कितीतरी मोठे वाटतात, कारण इथे पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या बरोबरीने उभे राहिले होते.