आजारामागे दर वेळी दुबळी प्रतिकारशक्ती नसते

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश वारंवार फिरतो. प्रत्येक आजाराचे मूळ दुबळ्या प्रतिकारशक्तीत असते, रोज गुळवेलीचा काढा घेतला की आमवातापासून सिकलसेलपर्यंत सारे बरे होते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ताबडतोब बंद करावीत, असे त्यात म्हटलेले असते.

यातले पहिलेच विधान टिकत नाही. रावेर-यावल भागात बांधावरचे गाजर गवत उपटणाऱ्या काही मजुरांच्या पापण्या, मान आणि कोपरांची आतली बाजू लाल होऊन खाजू लागते आणि पुढे तिथली कातडी जाड व काळपट होते. या गवतातले पार्थेनिन हे रसायन म्हणजे जंतू नव्हे. पण शरीरातल्या टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी, त्याची एकदा शत्रू म्हणून ओळख धरली, की पुढच्या संपर्कानंतर एक-दोन दिवसांत त्याच पेशी कातडीवर दाह उठवतात. शेजारच्या सरीत निंदणी करणाऱ्याला काहीच होत नाही, ते त्याची प्रतिकारशक्ती अधिक बळकट असते म्हणून नव्हे, तर त्याच्या पेशी या द्रव्यावर चवताळलेल्या नसतात म्हणून. त्रास फार वाढला तर त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइड किंवा अ‍ॅझाथायोप्रिन देतात, म्हणजे प्रतिकार वाढवत नाहीत, आवरतात.

आमवातातही हेच घडते : प्रतिकारयंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. त्यावरच्या मेथोट्रेक्झेट या प्रतिकार आवरणाऱ्या औषधाची गोळी आठवड्यातून एकदाच, रक्ततपासणीच्या देखरेखीखाली घ्यायची असते. ती मनाने सोडली, तर दाह पुन्हा उसळून हाडे झिजतात आणि बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

सिकलसेलबाबत तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आढळणारा हा आजार आईवडील दोघांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सदोष जनुकांमुळे होतो आणि कोणताही काढा जनुक बदलत नाही. या मुलांची प्रतिकारशक्ती कमी पडते हे खरे, पण ती आजारामुळे : विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या रक्तपेशी प्लीहेतला (रक्तातले जंतू गाळणाऱ्या पोटातल्या अवयवातला) रक्तप्रवाह अडवून तिला लहानपणीच निकामी करतात. न्यूमोनियासारखे आजार करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस आणि पेनिसिलिन त्यांना त्यासाठीच देतात.

गुळवेल निरुपद्रवी आहे, हेही गृहीत धरू नये. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तरीही ज्यांची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

संदेशात एक अंश खरा आहे. कुपोषणाने प्रतिकारशक्ती खरोखर खालावते आणि गोवर व क्षयरोग अशा मुलांत जिवावर बेततात. त्यावर उपाय पोटभर सकस अन्न आणि वेळेवर लसीकरण हा आहे.

सर्वांत घातक आहे तो औषधे ताबडतोब बंद करण्याचा सल्ला. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे स्टेरॉइड संप्रेरक (हार्मोन) बनवणे जवळपास थांबवतात. गोळी एकाएकी तोडल्यास रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, म्हणून तिची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावी लागते.