ग्रानादात काय खायचं ते आपण ठरवत नाही

लेक स्पेनमधल्या ग्रानादाच्या विद्यापीठात शिकते, म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघं दहा दिवस तिच्याकडे जाऊन आलो. आल्यापासून जो तो विचारतोय, तिथला अल्हाम्ब्रा राजवाडा कसा वाटला? सुंदरच आहे. पण मला बोलायचंय ते तिथल्या खाण्याबद्दल.

पहिल्याच संध्याकाळी फजिती. सहाला पोटात कावळे ओरडायला लागले आणि गावभर चुली थंड! दुपारी चार-साडेचारला बंद झालेली स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊशिवाय उघडत नाहीत. शेवटी कॅथेड्रलजवळ, दारात पदार्थांचे रंगीत फोटो लावलेल्या एका ठिकाणी बसलो. कोमट पाएया (स्पॅनिश भाताचा प्रकार), न मागितलेल्या पावाचे पैसे, वर बाहेर बसल्याचा जादा आकार. लेक म्हणाली, "आई, फोटो दिसले की पुढे चालू लागायचं."

दुसऱ्या दिवशी तिने नावास गल्लीत नेलं. मी सवयीने रिकामं टेबल हेरायला लागले, तर म्हणाली, "खुर्ची कसली शोधतेस, काउंटरला उभी राहा." तिने कान्या म्हणजे बिअरचा छोटा ग्लास घेतला, मी मोस्तो, म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. त्यासोबत न मागता तळलेल्या माशांची बशी आली. हीच तापा. सेव्हिल शहरात तापाचे पैसे मोजावे लागतात, ग्रानादात पेयाबरोबर ती येतेच, आणि पेय अडीच-तीन युरोंचं. दुसरा ग्लास मागवला की दुसरी, वेगळी बशी. तिसऱ्याला तिसरी. तीन ठिकाणी उभं राहिलं की जेवण झालं. विद्यार्थ्यांचं हे गाव रात्री असंच जेवतं.

"फुकट ते पौष्टिक" म्हणून हसू नका. फुकट काही नसतं, ग्लासाच्या किमतीत ते धरलेलं असतंच. मला आवडलं ते वेगळंच. बशीत काय येणार हे बहुतेक ठिकाणी आपल्या हातात नसतं! आपल्याकडे हॉटेलात गेलं की अर्धा तास मेन्यू कार्डाची पारायणं, मग "तू काय घेतोयस?", मग शेजारच्या टेबलावरचं बघून हळहळ. इथे आईने ताटात वाढलं ते खायचं, तसा प्रकार. डोकं मोकळं राहतं आणि माणसं एकमेकांशी बोलतात. शेजारचे आजोबा तर मला ऑलिव्हची बी कुठे टाकायची तेही खुणेनं सांगत होते. (जुन्या बारमध्ये ती सरळ जमिनीवर जाते. सोबत ते कागदी रुमालही, ज्यांनी तेल पुसलं जात नाही, फक्त इकडून तिकडे पसरतं.)

शाकाहाऱ्यांचे मात्र हाल. आमचे हे "सिन कार्ने, सिन कार्ने" म्हणजे "मांस नको" असं घोकून गेले होते. बशी आली ती बाकल्याच्या दाण्यांची, वर हामोनचे तुकडे. डुकराची सुकवलेली मांडी ती! पण काउंटरपलीकडच्या माणसाच्या लेखी ते मांसात मोडतच नव्हतं. मग लेकीने त्यांच्यासाठी कार्डावरून वेगळी डिश मागवली, बेरेंहेनास कोन मिएल.

बशी समोर आली आणि मी बघतच राहिले. अहो, वांग्याचे काप! पातळ, कुरकुरीत, पिठात घोळवून तळलेले, आणि वर काळसर दाट धार. मिएल म्हणजे मध, म्हणून मी बोट लावून चाखलं. मध कसला, काकवी! मिएल दे कान्या, उसाचा मध म्हणतात तिला. आमचं माहेर शिरोळकडचं, गुऱ्हाळातली ती चव मला झोपेतही ओळखता येईल. अरबांनी ऊस आणि वांगं दोन्ही स्पेनात नेलं, बेरेंहेना हा शब्दही अरबीतून गेलेला. ग्रानादाच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं ऊस पिकला, आता तिकडचे साखर कारखाने बंद पडलेत. काकवी अजून शेजारच्या मालागा प्रांतात, फ्रिहिलियाना गावात बनते.

ह्यांनी ती बशी एकट्याने संपवली. उरलेल्या आठ दिवसांत अजून सहा वेळा.

परवा घरी काप केले आणि त्यावर काकवी सोडली. सासूबाई म्हणाल्या, "कापावर गोड? काहीतरीच तुझं." आणि बोलता बोलता तिसरा काप उचलला.