ॲरन जज असूनही तिसरा नंबर का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढा वेळ काढून सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक (खऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या सीझनच्या आकड्यांवरून बनवलेली कार्डं आणि फासे घेऊन खेळायचा खेळ, आपल्याकडे 2024 ची कार्डं) लीगच्या डिव्हिजन प्रीव्ह्यूमध्ये मी तुमच्या टीमला चारात तिसरा नंबर देऊन अन्याय केला, बॅटर ॲरन जज आणि पिचर (बॉल टाकणारा) पॉल स्कीन्स दोघं असलेली टीम तिसरी येईलच कशी, दुसऱ्या नंबरच्या टीमचं होम पार्क (घरचं मैदान) मी बघितलंच नाही, आणि शेवटी सगळं फाशांवरच आहे तर असा प्रीव्ह्यू लिहायचाच कशाला.

पार्कचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचं एकदम बरोबर आहे. त्या टीममधल्या ओहतानीचे 54 आणि सोटोचे 41 होमर (होम रन) मी नुसते मोजले आणि पुढे गेलो. दोघं डावखुरे, आणि त्या टीमचं घर म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क, जिथे डावखुऱ्या बॅटरला होमर काढणं फार अवघड. म्हणजे निम्म्या मॅचेसमध्ये त्यांच्या कार्डावरचे कितीतरी होमर फ्लाय आउट (झेलबाद) होणार. ही माझी चूक, मूळ लेखात दुरुस्त केलीये. (तरी पिचर स्कुबलच्या 192 इनिंग्ज आहेत त्यांच्याकडे, त्यामुळे ती टीम अगदी कोसळत नाही.)

आता स्कीन्स. 2024 मध्ये त्याचा ईआरए (दर 9 इनिंग्जमागे, फिल्डरच्या चुका वगळून, सरासरी किती रन दिले; कमी तेवढा चांगला) 1.96, त्या कार्डाविरुद्ध खेळायला मलाही नको वाटतं. पण तो मेजर लीगमध्ये आलाच मे महिन्यात, 23 स्टार्ट आणि 133 इनिंग्ज, आणि आपल्या लीगचा नियम तुम्हाला माहितीये, पिचरने खऱ्या सीझनमध्ये जेवढ्या इनिंग्ज टाकल्या तेवढ्याच इथे मिळतात. 162 मॅच गुणिले 9 म्हणजे 1458 इनिंग्ज भरायच्यात. ज्या टीमला मी पहिला नंबर दिला तिच्याकडे लोगन गिल्बर्ट आणि सेथ लुगो हे पिचर आहेत, दोघांच्या मिळून 415 च्या वर होतात, आणि तुमच्याकडे स्कीन्सनंतर कोण हे तुम्हीच सांगा, मला रोस्टरमध्ये शंभर इनिंग्जच्या पुढचा एकच माणूस दिसला. ऑगस्टमध्ये स्कीन्सचं कार्ड संपलं की रोज बॉल कोणाच्या हातात देणार?

जजबद्दल वाद नाहीच, .322 बॅटिंग ॲव्हरेज आणि 58 होमर, डिव्हिजनमधला सगळ्यात भारी बॅटर तोच. पण तुम्ही जो हिशोब मांडलाय तो ॲपवरच्या फँटसीचा आहे, होमर मारला की पॉइंट मिळाले, विषय संपला. आपण क्रिकेट फँटसीतून आलेले लोक, त्यामुळे ही सवय लागते, मलाही पहिल्या वर्षी होती. इथे मात्र टीम खरोखर मॅच खेळते. पहिला फासा 1 ते 3 आला तर बॅटरचं कार्ड, 4 ते 6 आला तर पिचरचं, म्हणजे निम्मा खेळ जजच्या हातातच नाही, आणि पिचरच्या कार्डावर फिल्डरकडे बॉल जाण्याचे जे आकडे असतात त्यात सगळ्यात जास्त वाटा शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर). तिथे तुमच्याकडे एली दे ला क्रूझ. 67 स्टील (पळून चोरलेले बेस), बघायला मजा येते, पण 29 एररसुद्धा (फिल्डिंगमधल्या चुका) आहेत. समोरच्या टीमकडे बॉबी विट, .332 मारणारा आणि वर गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचा पुरस्कार). या एका जागेवरचा फरक वर्षभर साचत जातो आणि तो बॉक्स स्कोअरमध्ये कुणाच्या नावावर दिसत नाही, म्हणून ड्राफ्टच्या वेळी लोक तिकडे बघत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौथ्या टीमवर तुमचाही आक्षेप नाही, तिला कॅचरच धड नाही.

राहिले फासे. अगदी बरोबरीच्या टीमनेसुद्धा 162 मॅच खेळल्या तर 81 विजयांच्या सहा-सात इकडे किंवा तिकडे जाणं सहज होतं, निव्वळ नशिबाने. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या नंबरात मी ठाम नव्हतो आणि पार्क धरल्यावर तर दोघांमध्ये फार तर दोन-तीन मॅचचं अंतर उरतं. पण पहिल्या टीमपासून तुम्ही लांब आहात ते फाशांमुळे नाही, त्या 1458 इनिंग्जमुळे. ट्रेडची खिडकी अजून उघडी आहे, दे ला क्रूझच्या बदल्यात 180 इनिंग्जवाला पिचर आणि बरा शॉर्टस्टॉप मिळाला तर मला कळवा, त्या दिवशी मी नंबर बदलतो.