‘दुसरा बळी’ हा शब्द मी मागे घेते

ताई,

कॅज्युअल्टीतल्या ताणाबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी इथे ठेवते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल.

“तुम्ही डॉक्टर स्वतःला ‘दुसरा बळी’ म्हणवून घेता. पहिला बळी कोण, हे तुमच्या लेखात एकदा तरी आलं का? माझा भाऊ 20 मिनिटं भिंतीकडेच्या स्ट्रेचरवर ओरडत होता. डॉक्टर त्याला ओलांडून दुसऱ्याकडे गेले. तो गप्प झाला तेव्हा आले. पहाटे तो गेला. ‘सॉरी, आम्ही प्रयत्न केले’ एवढं बोलून डॉक्टर निघून गेले. दोन वर्षं झाली. तुमच्या मनावरच्या ताणाचं आम्ही काय करायचं?”

आधी त्या शब्दाबद्दल. 2000 साली अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. चूक झाली की रुग्णाच्या पाठोपाठ ती ज्याच्या हातून झाली तो डॉक्टरही आतून मोडतो आणि त्याला कोणी विचारत नाही, असं त्यांनी मांडलं. ‘दुसरा बळी’ हा शब्द तिथून आला. 2019 साली त्याच नियतकालिकात रुग्णांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तो टाकून द्या असं सांगितलं. डॉक्टरच बळी ठरला की झालेलं नुकसान नशिबावर जातं, टाळता येण्यासारखं काही होतं का हा प्रश्न कोणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. ताई, तुम्ही एका ओळीत तेच लिहिलंत. त्यांचं म्हणणं मला ठाऊक होतं. तरी मी तो शब्द वापरला, कारण तो माझ्या बाजूने बोलत होता. लेखातून तो आज काढते.

दुसरं, मी त्या लेखात वडापच्या अपघाताची रात्र सांगितली, पण तिच्यातला एक तुकडा गाळला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या तुकड्यात आहे.

घाटाखालचं 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय. पावसाळ्याचे दिवस, रात्रीचे पावणेअकरा. जीप उलटली आणि एकदम सात जण आले. ड्यूटीवर मी एकटी डॉक्टर, दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा. सिव्हिल 70 किलोमीटरवर. दाराशी पहिल्या स्ट्रेचरवर एक आजोबा होते, श्वास नव्हता. हनुवटी उचलून मी श्वासाची वाट मोकळी केली. तरी श्वास आला नाही. मी पुढच्या स्ट्रेचरकडे गेले.

एकाच वेळी अनेक जखमी आले आणि हात कमी असले की वापरायची एक पद्धत आहे. 1983 साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे ती तयार झाली, आज आपल्याकडेही शिकवतात. प्रत्येकाला मिनिटभरच द्यायचं आणि कोणाला आधी बघायचं त्याप्रमाणे रंग ठरवायचा. चालू शकतो तो हिरवा. श्वास मिनिटाला 30 च्या वर, किंवा मनगटाला नाडी लागत नाही, किंवा ‘माझा हात दाबा’ हे साधं सांगितलेलं कळत नाही, तो लाल, त्याला आधी बघायचं. श्वासाची वाट मोकळी करूनही ज्याचा श्वास येत नाही तो काळा, त्याच्यापाशी थांबायचं नाही. बाकीचे पिवळे, लालनंतर बघायचे. एरवी असा एकच पेशंट आला असता तर आम्ही चौघांनी आलटून पालटून त्यांची छाती दाबली असती, सगळं केलं असतं. त्या रात्री तीच चार माणसं होती आणि बाकी सहा जण जिवंत होते.

तिसऱ्या स्ट्रेचरवर सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. गप्प. ओठ निळसर, छातीची एक बाजू हलत नव्हती. आत हवा कोंडली होती. जाड सुई घातल्यावर ती सुटल्याचा आवाज आला आणि पोराने श्वास ओढला. सिव्हिलला तो जिवंत पोचला, एवढंच मला कळलं. पुढचं आम्हाला बहुतेक वेळा कळत नाही.

लेखात मी इथे थांबले होते. गाळलेला तुकडा असा, की आजोबांची मुलगी दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. साडेबाराच्या सुमाराला ती मला म्हणाली, “एकदाच हात लावलात तुम्ही माझ्या आबांना.” मी उत्तर दिलं नाही. आबा गेले हे तिला सांगायचं काम मी सिस्टरवर ढकललं आणि आतल्या खोलीत जाऊन रेफरच्या चिठ्ठ्या लिहीत बसले. निर्णय चुकला असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तिच्यासमोर उभं राहून तो तिला सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही.

आता तुमच्या भावाबद्दल. न पाहिलेल्या पेशंटवर मत देणं बरोबर नाही, म्हणून जपून लिहिते. ओरडणाऱ्याला सोडून गप्प पडलेल्याकडे आधी जाणं हा निष्ठुरपणा नाही. जो ओरडतोय त्याची श्वासाची वाट मोकळी आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय, हे त्याचा आवाजच सांगतो. गप्प असलेल्याचं काहीच माहीत नसतं. म्हणून पहिल्या फेरीत डॉक्टर तुमच्या भावाला ओलांडून गेले यात मला चूक दिसत नाही.

पण फेरी एकदाच मारायची नसते. पोटात किंवा मांडीत आतल्या आत रक्त जात असेल तर पिवळा माणूस दहा मिनिटांत लाल होतो. ओरडणारा माणूस शांत झाला तर त्याला बरं वाटतंय असं कधीच धरायचं नाही, त्याच्याकडे धावत जायचं. त्या 20 मिनिटांत कोणी दुसऱ्यांदा त्याच्यापाशी आलं का, नाडी बघितली का, बीपी घेतलं का, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘तिथे फार ताण होता’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. ताणात माणूस काय विसरतो हे आधीच माहीत असल्यामुळेच तर वेळा मोठ्याने बोलायच्या, फळ्यावर लिहायच्या, एका माणसाला फक्त फेऱ्या मारायला ठेवायचं, हे सगळं शिकवलेलं असतं.

ताणात नेमकं काय होतं ते सांगते. नजर अरुंद होते. हातातल्या एका कामाला माणूस चिकटतो आणि कानाशी बोललेलं ऐकू येत नाही. 2005 साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रोमिली नावाच्या बाईंना सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली आणि श्वासाची वाट मिळेना. अनुभवी डॉक्टर घशात नळी घालायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. गळ्याला छेद देऊन श्वास चालू करायचं सामान एका नर्सने आणून ठेवलं होतं, तसं सांगितलंही होतं. ते कोणाच्या ध्यानात शिरलं नाही. इलेन 13 दिवसांनी गेल्या. त्यांचे पती मार्टिन वैमानिक. विमानाचा अपघात झाला की चौकशी होते, मग इथे का नाही, असं त्यांनी विचारलं. शिक्षा मागितली नाही, नेमकं काय घडलं ते सगळ्यांना कळू द्या असा हट्ट धरला, आणि त्यासाठी 2007 मध्ये संस्था उभी केली. आज जगभरच्या भूलतज्ज्ञांना ही घटना शिकवतात. हे शिक्षण डॉक्टरांना एका नातेवाइकाने दिलं. त्यामुळे ‘तुमच्या ताणाचं आम्ही काय करायचं’ असं तुम्ही विचारता तेव्हा मला तो प्रश्न परका वाटत नाही.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. डॉक्टरच्या मनाचं काय होतं हा डॉक्टरचा खासगी विषय आहे, असं तुमच्या लिहिण्यातून वाटलं. माझ्यावर जे गुदरलं त्यावरून सांगते, ते खासगी राहत नाही. त्या रात्री मला काहीच वाटलं नव्हतं. सकाळी घरी जाऊन जेवले, झोपले. पुढचे काही महिने मात्र कॅज्युअल्टीच्या दारात कोणी बाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली की मी तिच्याकडे पाठ करून केसपेपर लिहायचे. नातेवाइकांशी एका वाक्यात बोलायचे. आणि मी नको तितके पेशंट रेफर करायला लागले. जे मला इथे सांभाळता आले असते त्यांना रात्री 70 किलोमीटर पाठवलं, केवळ माझ्या हातात कोणी जाऊ नये म्हणून. त्यांच्या घरच्यांनी गाडीभाडं भरलं, पेशंटने खड्डे सोसले. माझ्या न बोललेल्या भीतीची किंमत ती माणसं देत होती.

तुमच्याशी एक वाक्य बोलून निघून गेलेल्या डॉक्टरच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. तो बेफिकीर असेलही. पण ते वाक्य मी स्वतः बोललेली आहे, आणि तेव्हा मी बेफिकीर नव्हते. तुमच्या वाट्याला आलं ते त्यामुळे कमी होत नाही.

मला त्यातून बाहेर काढलं आमच्या एका सिस्टरनी. दीड-दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, “मॅडम, त्या रात्रीचं रजिस्टर काढू का?” आम्ही दोघी बसलो आणि मिनिटामिनिटाने ती रात्र पुन्हा वाचली. कोण कधी आलं, कोण कुठे उभं होतं. मी रडले ते तेव्हा. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून मनातलं बोलायला लावायची एक पद्धत होती, 1980 च्या दशकात अमेरिकेतून आलेली. पुढे 2002 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात त्याने फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला असावा असं निघालं. म्हणून आम्ही कोणाला बोलायची सक्ती करत नाही. काम संपलं की दहा मिनिटं फक्त कामाबद्दल: काय जमलं, काय अडलं, कोणती वस्तू सापडली नाही. मनातलं ज्याला सांगायचंय त्याने, ज्याला सांगावंसं वाटतं त्याला, हवं तेव्हा सांगावं. आणि पेशंट गेला की मॉनिटर बंद करून सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं. व्हर्जिनियातल्या एका नर्सने 2009 च्या सुमाराला हे सुरू केलं होतं. आमच्या मामांना ते सांगावं लागलं नाही, ते आधीपासूनच हात जोडून उभे राहत.

बातमी आता मीच सांगते. बसून. ‘सिरियस आहे’ असं घोळवत नाही, ‘गेले’ म्हणते. मग गप्प बसते. तासाभराने परत जाते, कारण पहिल्यांदा सांगितलेलं कोणालाच नीट ऐकू आलेलं नसतं. आबांच्या मुलीकडे मात्र मी गेले नाही. गाव माहीत होतं, जायला हवं होतं.

तुम्ही रात्री झोप लागत नाही असंही शेवटी लिहिलंय. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. फोन कराच.

आणि भावाचे कागद मागवा. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितले तर 72 तासांत ते द्यावे लागतात. दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचं बंधन आहे, तुमची दोन झाली, तेव्हा उशीर करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. केसपेपरवर बीपी आणि नाडीच्या नोंदी असतील, पुढे वेळा असतील. एखाद्या वेळेनंतर मोठी पोकळी दिसली तर ती पोकळी कशाची, हे त्यांना विचारता येईल. कागद हातात आले की मला कळवा. तुमची तयारी असेल तर आपण दोघी बसून पहिल्या नोंदीपासून वाचू.