लेनिन शिखर मोहिमेबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय एकदा वाचला आणि मग लीडरची वही आणि रेडिओच्या नोंदी समोर घेऊन पुन्हा वाचला. किर्गिझस्तान-ताजिकिस्तान सीमेवरच्या लेनिन शिखराच्या आमच्या मोहिमेला दोन तारे देताना तुम्ही चार तक्रारी मांडल्या आहेत. दहा दिवस त्याच वाटेने वर-खाली करण्यात गेले, तिसऱ्या कॅम्पवर गॅस संपला, आकाश निरभ्र असताना शिखर दिसत असूनही परत फिरवलं, आणि जाहिरातीत ‘सगळ्यांत सोपं सात हजारी शिखर’ म्हटलं होतं तसं काहीच नव्हतं. यातल्या दोन बाबतींत तुमचं म्हणणं खरं आहे, म्हणून आधी त्यांबद्दल लिहिते.

गॅसची चूक पूर्णपणे आमची. दुसऱ्या कॅम्पवरून (५,३०० मीटर) तिसऱ्यावर (६,१०० मीटर) सामान चढवताना कार्ट्रिजच्या, म्हणजे स्टोव्हच्या गॅसच्या छोट्या डब्यांच्या, दोन पिशव्या न्यायच्या होत्या. एक वर गेली. दुसरी खालच्या तंबूच्या दारापाशी ताज्या बर्फाखाली राहून गेली, आणि वहीत मात्र दोन्हींपुढे खूण झाली. वर पोचलेलं सामान पिशवी उघडून, हाताने मोजायचं असतं. त्या दिवशी ते कुणी मोजलं नाही. त्या उंचीवर पाणी हवं तर बर्फ वितळवावा लागतो, आणि त्याला गॅस लागतो. भांडं काठोकाठ भुसभुशीत बर्फाने भरावं तर तळाशी जेमतेम कपभर पाणी उरतं. माणशी तीन-चार लिटर हवं असेल तर तिघांच्या तंबूत स्टोव्ह तासन्‌तास चालतो. तुम्हाला त्या रात्री प्रत्येकी एक बाटली मिळाली आणि तेवढ्यावर तुम्ही पहाटे चारला निघालात. लीडरने शेवटचं कार्ट्रिज रात्रभर स्वतःच्या स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून ठेवलं होतं, कारण त्यातला ब्युटेन वायू गारठला की त्याची वाफच होत नाही. त्याने केलं ते योग्यच केलं, पण त्याच्यावर ती वेळ आमच्यामुळे आली.

१९३८ साली के-टू शिखरावर चार्ल्स ह्यूस्टन आणि पॉल पेटझोल्ट हे अमेरिकन गिर्यारोहक सर्वांत वरच्या कॅम्पला पोचले आणि आगपेटीच्या काड्या खालीच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. खिशात सापडलेल्या मोजक्या काड्यांवर त्यांना स्टोव्ह पेटवावा लागला. ही गोष्ट मी प्रत्येक मोहिमेआधीच्या बैठकीत सांगते. तुम्हालाही सांगितली होती. तरी आमच्याकडून तेच घडलं, याचं मला फार वाईट वाटतं. मी तुमची मनापासून माफी मागते.

‘सोपं’ हा शब्दही माझाच. जाहिरातीचं ते वाक्य मी लिहिलं होतं. नेहमीच्या वाटेवर कड्यांवरची अवघड चढाई फारशी नाही, एवढंच त्यातून म्हणायचं होतं. पण वाचणाऱ्याला ‘सोपं’ म्हणजे सोपंच कळणार, त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. दुसऱ्या कॅम्पजवळच्या ज्या सपाट जागेला गिर्यारोहक ‘फ्राइंग पॅन’ म्हणतात, तिथे १३ जुलै १९९० रोजी भूकंपाने सुटलेला हिमकडा कॅम्पवर कोसळला आणि ४३ जण गेले. १९७४ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत गिर्यारोहक एल्विरा शताएवा यांच्या तुकडीतल्या आठही स्त्रिया शिखराजवळ वादळात सापडून मरण पावल्या, आणि त्या साऱ्या कसलेल्या गिर्यारोहक होत्या. हे ठाऊक असताना तो शब्द माझ्या हातून जायला नको होता. आता तो काढला आहे.

वर-खाली करण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. पायथ्याच्या अचिक-ताशचा बेस कॅम्प ३,६०० मीटरवर आणि शिखर ७,१३४ मीटरवर. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, पुढे आणखी घटतो. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक मुक्काम वाढवावा, असा सर्वमान्य नियम आहे. पण या पहाडावर कॅम्पच एकमेकांपासून आठ-नऊशे मीटरवर आहेत. मधे तंबू लावायला धड जागा नाही. मग उरतो एकच मार्ग. वर जायचं, सामान ठेवायचं, खाली येऊन झोपायचं, आणि मग वर मुक्कामाला जायचं. तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदा ५,३०० मीटरवर रात्रभर डोकं ठणकत होतं आणि दुसऱ्या खेपेला गाढ झोप लागली. त्या ‘वाया गेलेल्या’ दिवसांनी नेमकं हेच काम केलं.

आता परत फिरण्याबद्दल. आदल्या संध्याकाळी रेडिओवर सगळ्यांसमोर दुपारी एकची वेळ ठरली होती. जिथे असू तिथून एकला मागे फिरायचं. एक वाजता तुमची दोरी, म्हणजे एका दोराला बांधलेले तुम्ही तिघं, ६,८५० मीटरच्या आसपास होती, म्हणजे २८० मीटर बाकी. शेवटच्या तासात तुम्ही सत्तर मीटर चढला होतात. त्या वेगाने शिखराला संध्याकाळचे पाच वाजले असते. परतीची लांबलचक धार अंधारात, जवळ प्रत्येकी घोटभर पाणी. त्यात या वाटेवर तिसऱ्या कॅम्पहून निघाल्यावर आधी थोडं उतरून मग धार लागते, त्यामुळे परतताना अगदी शेवटी, पाय संपल्यावर, पुन्हा चढ असतो. आणि माथ्याजवळचं पठार इतकं रुंद आहे की ढग उतरला तर आपल्याच पावलांच्या खुणा सापडत नाहीत. आकाश निरभ्र होतं हे खरं. पण लीडरने आकाश पाहून नव्हे, घड्याळ आणि तुमची पावलं पाहून निर्णय घेतला.

तुमचा वेग मंदावला त्यात कमी पाण्याचा हात असणारच. म्हणजे तुमचं शिखर हुकलं त्यात आमचा वाटा आहे, हे मी इथे सगळ्यांसमोर मान्य करते. पण त्याच कारणासाठी त्या दिवशी तुम्हाला पुढे जाऊ देणं अधिकच चुकीचं ठरलं असतं. आमच्या चुकीची भरपाई आणखी मोठा धोका पत्करून झाली नसती. लीडरच्या जागी मी असते तरी एक वाजता मागेच फिरवलं असतं.

दुसऱ्या प्रयत्नाची संधी का दिली नाही, असंही तुम्ही विचारलंय. आमच्याकडे दोनच राखीव दिवस होते आणि ते दुसऱ्या कॅम्पवर वारा थांबायची वाट पाहण्यात गेले. दोन दिवस कमी पडतात, हे आता पटलं. पुढच्या मोसमापासून चार ठेवतोय. प्रत्येक कॅम्पवर पोचलेलं गॅस आणि अन्न लीडर आणि एक सदस्य मिळून मोजतील आणि आकडा रेडिओवर खाली कळवतील. तो कळल्याशिवाय वरच्या कॅम्पवर कुणीही मुक्कामाला जाणार नाही. परत फिरण्याची वेळ निघण्याआधी लेखी देऊ, म्हणजे ती डोंगरावर पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटणार नाही.

तुमच्या तंबूतल्या सहकाऱ्याच्या तब्येतीविषयी तुम्ही लिहिलंय. त्यावर मी इथे काही बोलणार नाही. ते सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

पूर्ण पैसे परत मागितले आहेत, ते देता येणार नाहीत. परवाना, गाडी, बेस कॅम्पची व्यवस्था आणि लीडरचं काम हे सगळं झालेलं आहे. मात्र तिसऱ्या कॅम्पच्या व्यवस्थेसाठी घेतलेली रक्कम आम्ही परत करतोय, तुमच्या दोरीवरच्या तिघांनाही. त्या दिवसाची वहीची पानं आणि रेडिओची नोंद तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. वेळांमध्ये काही चुकीचं वाटलं तर कळवा, मी लीडरला सोबत घेऊन तुमच्याशी बोलेन.