‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणे मनाचे’: एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही आठवडे आमच्या लालबागमधल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एमआरआय नॉर्मल असूनही महिनोन्‌महिने दुखत असेल तर ते दुखणे मनाचे, डॉक्टर त्यावर नैराश्याची गोळी देतात ती रुग्णाला गुंगीत ठेवण्यासाठी, दुखणे खरे असेल तर ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी घ्यावी, ती अफूपासून बनत नसल्याने तिची सवय लागत नाही, आणि मॉर्फीन सुरू झाले की माणूस संपला. मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहतो आणि हे वाचून आलेली गिऱ्हाइके माझ्यासमोर येतात, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा एमआरआयचा. कधीही कंबर न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एमआरआयत मणक्याची चकती फुगलेली दिसते. उलट, चित्र स्वच्छ असूनही मज्जासंस्थाच इतकी हळवी झालेली असू शकते की साधा स्पर्शही सलतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येत वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचाही अप्रिय अनुभव मानला आहे. दुखण्याने झोप जाते, झोप गेली की मन खचते, आणि खचलेल्या मनाला तेच दुखणे अधिक बोचते. म्हणून डॉक्टरांनी ‘उदास वाटते का?’ असे विचारले, तर ते दुखणे खोटे ठरवत नसतात.

नैराश्याच्या गोळीबद्दलचा आरोप अर्धा खरा आहे, कारण अशा गोळ्यांपैकी अमिट्रिप्टिलिनने पेंग येते. पण मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे जे मार्ग वेदनेला आवर घालतात, त्यांना सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन लागते, आणि ही औषधे नेमकी तीच रसायने वाढवतात. मधुमेहाने पाय जळजळणाऱ्या, मनाने ठणठणीत असलेल्या रुग्णालाही ती दिली जातात, आणि अमिट्रिप्टिलिनची सुरुवात बहुधा रात्रीच्या १० मिलिग्रॅमने होते, जी नैराश्याच्या मात्रेपेक्षा पुष्कळ कमी आहे. गुण सर्वांना येत नाही, हेही खरे.

तिसरा दावा सर्वांत घातक आहे. ट्रामाडॉल कारखान्यात बनते हे बरोबर, पण यकृतात त्याचे जे रूप तयार होते ते मेंदूत मॉर्फीनच्याच जागी जाऊन बसते. जपून द्यायच्या औषधांसाठी दुकानात ठेवाव्या लागणाऱ्या एच-वन रजिस्टरमध्ये त्याची नोंद रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह करावी लागते, आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे. सवय न लागणाऱ्या औषधाचा इतका बंदोबस्त सरकार कशाला करील? शिवाय सवयीचा धोका सर्वांना सारखा नसतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, तेथील प्रौढांना लिहून दिलेल्या ओपिऑइड, म्हणजे मॉर्फीनच्या जातीच्या वेदनाशामक औषधांच्या अर्ध्याहून अधिक चिठ्ठ्या नैराश्य किंवा चिंतेचा विकार असलेल्यांच्या होत्या. ही गोळी अंगाबरोबर मनाची कळही घटकाभर बोथट करते, त्यामुळे ज्यांना तिची ओढ लागण्याचा धोका जास्त, त्यांच्याच हाती ती जास्त पडते.

परवा साठीच्या एका काकूंनी कात्रीने कापलेली पट्टी पुढे केली. गोळ्या चार, नावापैकी ‘ट्रामा’ एवढीच अक्षरे उरलेली, शेजारणीने दिलेल्या. काकू नैराश्यासाठी सर्ट्रालिन घेतात. ही दोन औषधे एकत्र आली तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून थरथर, ताप, गोंधळ होऊ शकतो आणि झटकेही येऊ शकतात. चिठ्ठी असती तरी मी आधी डॉक्टरांना फोन केला असता.

मॉर्फीनबद्दल थोडक्यात सांगतो. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत ते आवश्यक औषध आहे, आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचावे म्हणूनच २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा सैल करण्यात आला. परळच्या टाटा रुग्णालयात ते घेणारे रुग्ण चालत-बोलत घरी जातात.

काकूंनी जाताना विचारले, ‘मग तिला सांगू का, आजपासून बंद कर म्हणून?’ शेजारीण आठ महिने रोज ती गोळी घेते आहे. मी नको म्हणालो. अशी औषधे एकाएकी तोडल्याने रुग्णांची तगमग होते, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ सालीच दिला आहे. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. बिलाच्या पाठीमागे दोन्ही औषधांची नावे लिहून मी तो कागद काकूंना दिला आणि शेजारणीलाही डॉक्टरांकडे सोबत न्यायला सांगितले.